माहेरी जाणारा पैसा

लेकीच्या घरी पाणीसुद्धा प्यायचे नाही, हा नियम माझ्या आजीने शेवटपर्यंत पाळला. आत्याचे घर सोलापुरातच, चालत वीस मिनिटांवर. काही घरांत पहिले नातवंड झाले की हे बंधन सुटे. आजीने ते सोडले नाही. कन्यादान केले, आता त्या घरचे काही घ्यायचे नाही, एवढा साधा हिशेब होता.

हे आठवायला निमित्त झाले परिचयातल्या एका लग्नाचे. मुलगा इथला, नोकरीला दुबईत. सून फिलिपिन्सची, तिथेच परिचारिका. मुलाच्या आईने मला बाजूला घेऊन विचारले, "भाऊ, तुम्ही बरंच वाचता म्हणून विचारते. ही पोरगी दर महिन्याला आईबापाला पैसे पाठवते. धाकट्या भावाची फीसुद्धा हीच भरते. लग्न झाल्यावरही?" त्यांचा मुलगाही दरमहा सोलापूरला पैसे पाठवतो. ते मात्र बोलण्यात आले नाही.

फिलिपिन्समध्ये नाते आईकडून आणि बापाकडून सारखेच मोजतात. लग्नाने मुलगी एका घरातून दुसऱ्या घरात 'दिली' जात नाही. तिकडे 'उतांग ना लोओब' असा शब्दप्रयोग आहे. उतांग म्हणजे कर्ज, लोओब म्हणजे आतले, अंतःकरणातले. जन्म दिला, वाढवले, याचे हे न फिटणारे ऋण. आपल्याकडे पितृऋण आहेच, पण ते फेडायचे संतती आणि श्राद्धाने, तेही मुख्यतः मुलाने. तिकडचे ऋण मुलगा-मुलगी दोघांवर असते आणि ते बहुतेक पैशाने, औषधाने, भावंडांच्या शिक्षणाने फिटत राहते. थोरल्या बहिणीवर तर जास्तच. (थोरल्या बहिणीला तिकडे 'आते' म्हणतात, आपल्या कानाला गंमत वाटते.) १९८७च्या तिथल्या कुटुंब कायद्यानेही आईवडील आणि मुले यांच्यावर एकमेकांच्या पोषणाची जबाबदारी टाकली आहे. जहाजावरच्या फिलिपिनो खलाशाचा सरकारी नमुना करार तर असा, की मूळ पगाराचा किमान ८० टक्के भाग दरमहा मायदेशी, त्याने नेमलेल्या माणसाकडे गेलाच पाहिजे. तो माणूस आई की बायको, यावरून तिकडेही घरोघर भांडणे होतात. तेव्हा तिकडे सगळे गोड आहे, असे समजू नये.

पण इतक्या लांब कशाला जायचे? सोलापूरच्या पूर्व भागात या. दाजी पेठ, साखर पेठ, अशोक चौक. इथल्या तेलुगू भाषक पद्मशाली समाजात सख्ख्या मामाशी भाचीचे लग्न पिढ्यान्पिढ्या होत आले. अशा घरात सासू ही मुलीची आजीच असते. सुनेने विड्या वळून मिळवलेल्या मजुरीतले चार पैसे आईला दिले, तर ते सासूच्या स्वतःच्या लेकीला मिळतात. कुरकुर करणार कोण? इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर जो इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यात उत्तर आणि दक्षिण यांच्यामधल्या पट्ट्यात महाराष्ट्र ठेवला आहे. उत्तरेत लेक परक्यात, लांब द्यायची. दक्षिणेत नात्यातच फिरवायची. आपल्याकडे मामाची मुलगी चालते, पण लेक मात्र 'परक्याचे धन'. दोन्हीकडचे थोडे थोडे आपल्या वाट्याला आले. आता डॉक्टर सांगतात म्हणून पूर्व भागातही नात्यातली लग्ने कमी होत आहेत. ते योग्यच आहे. मात्र सासर आणि माहेर वेगळे झाले, की तिथेही हा प्रश्न उभा राहणार.

दुसऱ्यांचे कशाला सांगू? माझी खर्चाची डायरी आहे. वडिलांना दिलेले पैसे मी 'घर' या सदरात लिहीत असे. पत्नी शिक्षिका. तिने स्वतःच्या पगारातून तिच्या आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला पैसे दिले, ते मी 'इतर' मध्ये लिहिले. तिने ते वाचले आणि काही बोलली नाही. पुढच्या महिन्यापासून तिने तिची वेगळी वही केली.

कायदा या बाबतीत माझ्या डायरीच्या पुढे होता. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध आईवडिलांचा सांभाळ मुलगा आणि मुलगी दोघांवर टाकला. तरीही विवाहित मुलीचे काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तोही आपल्याच राज्यातून. कल्याणला डॉक्टरकी करणाऱ्या विवाहित मुलीकडे वडिलांनी महिना ५०० रुपये मागितले होते. विजया मनोहर अरबट विरुद्ध काशीराव राजाराम सवाई या खटल्यात १९८७ साली निकाल लागला : लग्न झाले म्हणून मुलगी मुलगी राहत नाही, असे नाही, तिच्यावरही जबाबदारी आहे. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही 'अपत्य' या शब्दात मुलगी आहे.

१९८७च्या निकालात एक अट आहे. मुलीकडे नवऱ्याच्या मिळकतीहून वेगळे, स्वतःचे पुरेसे साधन असले पाहिजे. दुबईच्या परिचारिकेकडे ते आहे. माझ्या पत्नीकडे होते.

त्या आईला मी यातले काही सांगितले नाही. फक्त विचारले, "तुमची लेक तुम्हाला काही देते का?"

"देते की," त्या म्हणाल्या. "घरखर्चातून वाचवून देते. नोकरी नाही ना तिला. जावयाला माहीत नाही, तुम्ही बोलू नका."