विद्यार्थिनींच्या हातून उभी राहिलेली संस्था

अभियांत्रिकीची पदवी मिळवणे आणि त्या व्यवसायाचे सभासदत्व मिळवणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली विद्यापीठाच्या हाती असते. दुसरी व्यावसायिक संस्थेच्या हाती असते, म्हणजे अभियंत्यांनी स्वतः स्थापलेल्या, मानके ठरवणाऱ्या, नियतकालिके काढणाऱ्या, परिषदा भरवणाऱ्या आणि कोणाला आपल्यात घ्यायचे हे स्वतःच ठरवणाऱ्या संघटनेच्या. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्त्रियांना पहिली पायरी कशीबशी चढता येत होती, पण दुसरीवर त्यांची वाट अडवली जात असे. नोरा स्टँटन ब्लॅच यांनी १९०५ साली कॉर्नेल विद्यापीठाची स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि 'अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स' या संस्थेने त्यांना कनिष्ठ सभासद म्हणून घेतलेही, मात्र वरची श्रेणी नाकारली. १९१६ साली त्या न्यायालयात गेल्या तरी निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. त्या संस्थेची पूर्ण सभासद होणाऱ्या पहिल्या स्त्रीला, एल्सी ईव्ह्ज यांना, हा मान मिळायला १९२७ साल उजाडले. विद्यार्थिदशेतही चित्र वेगळे नव्हते. 'टाऊ बीटा पाय' ही अभियांत्रिकीच्या गुणवंत विद्यार्थ्यांची मानाची संस्था १९६९ पर्यंत मुलींना पूर्ण सभासदत्व देत नव्हती आणि गुणांच्या जोरावर पात्र ठरलेल्या मुलीची केवळ एक निराळा बिल्ला देऊन बोळवण करत असे.

'सोसायटी ऑफ विमेन इंजिनिअर्स', जिला तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'स्वी' म्हणतात, ती या पार्श्वभूमीवर १९५० साली स्थापन झाली. तिच्या इतिहासाकडे साधारणपणे नोकरदार स्त्री-अभियंत्यांची चळवळ म्हणून पाहिले जाते आणि महाविद्यालयांतील शाखा ही तिला पुढे जोडली गेलेली पुरवणी समजली जाते. कालक्रम तपासला तर मात्र उलटे दिसते: संस्थेची कल्पना महाविद्यालयांच्या आवारात वारंवार जन्मली, वारंवार विरली आणि अखेर ज्या वेळी ती टिकली त्या वेळीही तिच्या मागे विद्यार्थिनींचा रेटा होता.

मिशिगन विद्यापीठात १९१४ साली अभियांत्रिकी व वास्तुकला शिकणाऱ्या मोजक्या मुलींनी 'टी-स्क्वेअर सोसायटी' हे मंडळ काढले. आरेखनाच्या फळ्यावर वापरल्या जाणाऱ्या पट्टीचे नाव त्यांनी मंडळाला दिले होते. पाच वर्षांनी, १९१९ साली, कोलोरॅडो विद्यापीठातील लू आल्टा मेल्टन व हिल्डा काउंट्स या दोन विद्यार्थिनींनी अधिक मोठा घाट घातला. वर उल्लेख आलेल्या एल्सी ईव्ह्ज याही तेव्हा तिथेच शिकत होत्या आणि या उद्योगात सहभागी होत्या. देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांना पत्रे पाठवून, तुमच्याकडे किती मुली शिकतात, किती शिकून गेल्या, असे त्यांनी विचारले. आमच्याकडे एकही मुलगी नाही असे अनेकांनी कळवले, तर काहींनी पुढेही कोणी येईल असे वाटत नसल्याचे सांगितले. संघटना उभी राहिली नाही, परंतु या पत्रव्यवहाराचे मोल कमी नाही. आपण किती आहोत आणि कुठे आहोत याची मोजदाद करणे हे कोणत्याही विखुरलेल्या समूहाचे पहिले काम असते आणि ते काम अधिकारपद नसलेल्या दोन विद्यार्थिनींनी टपालखर्च सोसून अंगावर घेतले होते.

दुसऱ्या महायुद्धाने ही संख्या बदलली. कर्टिस-राइट या विमाने बनवणाऱ्या कंपनीने १९४३ साली सात विद्यापीठांत व तंत्रशिक्षण संस्थांत तरुणींसाठी दहा महिन्यांचा सघन अभ्यासक्रम सुरू केला. या मुलींना 'कॅडेट' म्हटले जाई आणि शिक्षण संपताच त्या विमानांच्या कारखान्यांत रुजू होत. युद्ध संपल्यावर सरकारी साहाय्यावर शिकायला परतलेल्या सैनिकांनी वर्ग भरून गेले आणि मुली पुन्हा कोपऱ्यात लोटल्या गेल्या, पण आता त्या अगदी एकेकट्या नव्हत्या. फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल संस्थेत आणि आयोवा राज्य महाविद्यालयात १९४६ च्या सुमारास मुलींनी आपापली मंडळे स्थापन केली. एप्रिल १९४९ मध्ये ड्रेक्सेलला भरलेल्या परिषदेला १९ महाविद्यालयांतून सत्तरहून अधिक विद्यार्थिनी आल्या. त्याच काळात न्यूयॉर्क, बोस्टन, वॉशिंग्टन येथे नोकरी करणाऱ्या स्त्रियाही एकत्र जमू लागल्या होत्या. मे १९५० च्या अखेरीस न्यू जर्सीत, कूपर युनियन या संस्थेच्या अभियांत्रिकी शिबिराच्या जागी, हे सगळे गट भेटले आणि साठाहून थोड्या अधिक स्त्रियांच्या उपस्थितीत राष्ट्रीय संस्था जाहीर झाली. पहिल्या अध्यक्षा बिअट्रिस हिक्स तेव्हा जेमतेम एकतीस वर्षांच्या होत्या. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने अभियंता म्हणून नेमलेल्या त्या पहिल्या स्त्री होत्या आणि पुढे वायूची घनता ओळखून चालू-बंद होणाऱ्या स्विचच्या रचनेसाठी त्यांचे नाव झाले.

१९१४ आणि १९१९ चे प्रयत्न का विरले आणि १९५० चा का टिकला, याचे उत्तर विद्यार्थिदशेच्या स्वरूपातच आहे. विद्यार्थिनी उत्साहाने मंडळ काढते, पण चार वर्षांत ती पदवी घेऊन निघून जाते, आणि मागे सूत्रे हाती घेणारे कोणी नसेल तर मंडळही तिच्याबरोबर जाते. स्वीने यावर जी रचना शोधली ती साधी असून दूरदर्शी आहे. प्रत्येक महाविद्यालयीन शाखेला दोन आधार दिलेले असतात: एक त्याच महाविद्यालयातील प्राध्यापक-सल्लागार आणि दुसरी बाहेर नोकरी करणारी, संस्थेची व्यावसायिक सभासद असलेली मार्गदर्शिका. प्राध्यापकामुळे शाखेला आवारात जागा आणि मान्यता मिळते, तर मार्गदर्शिकेमुळे तिचा धागा आवाराबाहेरच्या व्यवसायाशी जोडलेला राहतो. कारभार मात्र दोघांपैकी कोणीही करत नाही. तो अध्यक्षा, उपाध्यक्षा, सचिव, खजिनदार आणि निरनिराळ्या समित्यांच्या प्रमुख असलेल्या विद्यार्थिनीच करतात. अशा शाखांची संख्या आज तीनशेच्या वर आहे.

या कारभाराचे वर्ष १ जुलैला सुरू होते. निवडणुका त्याआधी, वसंतातील सत्रात, उरकलेल्या असतात आणि मधले आठवडे सूत्रे सोपवण्यात जातात. मावळती खजिनदार नव्या खजिनदाराला घेऊन बँकेत जाते आणि खात्यावरच्या सह्या बदलून घेते. कोणत्या कंपनीने किती देणगी दिली, कोणाचे उत्तर उशिरा आले, सभागृहाची नोंदणी किती महिने आधी करावी लागते, गेल्या वर्षी जेवणाचा अंदाज कुठे चुकला, हे सारे एका जाड फाइलमध्ये, आणि अलीकडे संगणकावरच्या सामायिक फोल्डरमध्ये, उतरवून ठेवलेले असते. वरवर पाहता ही किरकोळ कारकुनी वाटेल. वस्तुतः संस्थेची स्मृती या फाइलमध्ये वस्तीला असते, कारण दर चार वर्षांनी शाखेतील एकूण एक चेहरा बदललेला असतो. ज्या शाखेत ही फाइल नीट लिहिली जात नाही ती शाखा एखाद-दुसऱ्या वर्षात थंडावते, मग तिच्या अध्यक्षा कितीही कर्तबगार असोत.

पैशाची बाजू विशेष पाहण्यासारखी आहे. मुख्य कार्यालयाच्या मदतीवर शाखा चालत नाही. तिला निधी स्वतः जमवावा लागतो. अनेक विद्यापीठांत त्यासाठी 'इव्हिनिंग विथ इंडस्ट्री' नावाचा वार्षिक भोजन-समारंभ होतो. कंपन्या ठराविक रक्कम भरून एकेक टेबल घेतात आणि त्या टेबलाशी कंपनीचे अभियंते व संबंधित विद्याशाखेच्या विद्यार्थिनी शेजारी-शेजारी बसतात. वीस वर्षांची मुलगी कंपनीच्या अधिकाऱ्याला फोन करते, रकमेविषयी बोलते, पावती पाठवते, शंभरेक माणसांची आसनव्यवस्था लावते आणि आयत्या वेळी कोणी न आल्यास टेबले बदलते. या कामात अंदाजपत्रक, वाटाघाट, वेळापत्रक आणि अडचणीतला निर्णय असे सगळे येते आणि चुकले तर त्याचे उत्तर तिलाच द्यावे लागते.

हे प्रशिक्षण वर्गात का मिळत नाही, असा प्रश्न रास्त आहे, कारण अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात गटाने करायचे प्रकल्प भरपूर असतात. समाजशास्त्रज्ञ कॅरोल सेरॉन, सुसान सिल्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याचे एक उत्तर मिळते. एमआयटी, ऑलिन, स्मिथ आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ या चार ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या रोजनिशा त्यांनी तपासल्या, तेव्हा गटातील मुलींकडे टिपणे काढणे, अहवाल नेटका करणे, वेळेचे भान ठेवणे अशी कामे सरकत जातात आणि यंत्राला हात घालण्याचे काम मुलांकडे राहते, असे अनुभव पुढे आले. हे सहसा कोणी मुद्दाम करत नाही, आणि म्हणूनच ते मोडणे अवघड असते. स्वीच्या शाखेत ही वाटणी आपोआप होऊ शकत नाही. तिथे अहवाल लिहिणारी मुलगी असते तशी अध्यक्षपद भूषवणारीही मुलगीच असते, नमुना यंत्र जोडून दाखवणारीही मुलगी असते, आणि चार वर्षांत एकीला यातील अनेक भूमिका आलटून-पालटून कराव्या लागतात. शाखेचे सर्वांत मोठे देणे हेच आहे. शिष्यवृत्त्या, पारितोषिके आणि भाषणे यांचे स्थान त्याच्या नंतरचे.

शालेय मुलींसाठी शाखा ज्या शनिवारच्या कार्यशाळा घेतात त्यांतही याची प्रचिती येते. कोरड्या शेवयांच्या काड्या आणि मऊ गोळ्या वापरून मनोरा उभारायचा, किंवा कागदाचा पूल करून त्यावर नाणी ठेवत जायची, असे खेळ त्यांत असतात. मनोरा कलला की विद्यार्थिनी तो स्वतः सावरत नाही. खालच्या चौकटीत तिरकी काडी घालून पाहा, एवढेच सुचवते. चौकोन दाबाखाली वाकडा होतो आणि त्रिकोण होत नाही हे तिला स्वतःला स्थितिकीच्या तासाला, म्हणजे संरचनेवरील बलांचे गणित करणाऱ्या विषयात, कळलेले असते. दहा वर्षांच्या मुलीला ते समीकरणाशिवाय समजावताना तिची स्वतःची समज पक्की होते.

संस्थेच्या वार्षिक परिषदेत हजारो विद्यार्थिनी येतात. २०२३ साली लॉस एंजेलिसला भरलेल्या परिषदेची एकूण उपस्थिती वीस हजारांच्या वर होती आणि तिथला रोजगार मेळावा हे अनेकींचे मुख्य आकर्षण असते. हा मेळावा संस्थेच्या सामर्थ्याची खूण आहे, तसाच तिच्यापुढचा पेचही आहे. नोकरीपुरते सभासदत्व घेणारी विद्यार्थिनी आणि शाखेची धुरा वाहणारी विद्यार्थिनी यांच्यातील अंतर वाढते, तेव्हा काम थोड्या खांद्यांवर येऊन पडते. जी मुलगी आधीच वर्गात अल्पसंख्य आहे, तिच्यावरच मुलींची संख्या वाढवण्याचेही ओझे टाकायचे, हा अन्याय आहे आणि तो संस्थेने मोकळेपणाने मान्य करायला हवा. याची अंशतः भरपाई म्हणून संस्थेने विद्यार्थिनी-पदाधिकाऱ्यांसाठी नेतृत्वशिक्षणाचे स्वतंत्र कार्यक्रम आखले आहेत. याहून मोठी गळती पदवीनंतर होते: शाखेची अध्यक्षा असलेली मुलगी नोकरीच्या गावी जाते, तिथला व्यावसायिक विभाग तिला अनोळखी असतो आणि सभासदत्व मागे पडते.

तरीही एकूण काळाचा आलेख दुर्लक्षिण्यासारखा नाही. १९७० च्या आसपास अमेरिकेत अभियांत्रिकीची पदवी घेणाऱ्यांत मुलींचे प्रमाण एक टक्क्याच्या आत होते; १९८० च्या सुमारास ते दहा टक्क्यांच्या घरात गेले आणि आज ते वीस टक्क्यांच्या वर आहे. या वाढीचे श्रेय एकट्या संस्थेचे नाही. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा १९७२ चा कायदा आणि बंद दरवाजे उघडणारी विद्यापीठे यांचा त्यात मोठा वाटा आहे. पण दरवाजा उघडल्यावर आत आलेल्या मुलीला तिसऱ्या सत्रात सोडून जावेसे वाटू नये, यासाठी शाखा उपयोगी पडल्या. पुरुषांनाही संस्थेने १९७६ साली सभासदत्व खुले केले.

भारताशी या इतिहासाचा संबंध जुना आहे. स्वीच्या पुढाकाराने जून १९६४ मध्ये न्यूयॉर्कला स्त्री-अभियंते व शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा मद्रासच्या गिंडी महाविद्यालयातून विद्युत अभियांत्रिकी शिकलेल्या ए. ललिता तिला उपस्थित होत्या. त्याच परिषद-मालिकेचे सहावे अधिवेशन १९८१ साली मुंबईत झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९९१ साली, महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने पुण्यात मुलींसाठी कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले आणि १९९७ साली मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाची उषा मित्तल तंत्रज्ञान संस्था निघाली. स्वीशी संलग्न गट आता पुण्यातही आहेत. मुलींच्या महाविद्यालयात टिपणे कोणी काढायची आणि यंत्र कोणी जोडायचे हा प्रश्न उद्भवत नाही, कारण दोन्ही कामे मुलीच करतात. म्हणून इथे शाखेची खरी कसोटी दुसऱ्या आधाराशी लागते. चाकण किंवा पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात, जिथे पाळीवर एखादीच स्त्री-अभियंता असते, तिथे काम करणारी मार्गदर्शिका शाखेला मिळते का, ती महिन्यातून एकदा मुलींपाशी येऊन बसते का, आणि तिची बदली झाल्यावर तिच्या जागी दुसरी कोण हे आधीच ठरलेले असते का, यावर या शाखेचे भवितव्य ठरते.