सप्ताहांचा सण आणि आजची उपासना

लेवीय या ग्रंथाच्या 23व्या अध्यायात इस्राएल लोकांच्या सणांची जी क्रमवार तरतूद आढळते, तिच्यात वल्हांडणाच्या सुमारास पहिल्या पिकाची, परंपरेप्रमाणे सातूची, पेंढी याजकाने परमेश्वरासमोर ओवाळावी आणि तेथून पन्नासाव्या दिवशी नव्या पिकाच्या सपिठाच्या, खमीर घातलेल्या दोन भाकरी अर्पाव्यात, असा हुकूम आहे. वल्हांडणात जे खमीर घरातही ठेवावयाचे नाही, तेच येथे मुद्दाम घालावयाचे. जणू नित्याच्या जेवणातील भाकरीच, जशी असेल तशी, परमेश्वरापुढे यावी.

याच पन्नासाव्या दिवशी यरुशलेमेत शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला, असे प्रेषितांच्या कृत्यांत सांगितले आहे. आणि पौलाने पुनरुत्थित ख्रिस्ताला प्रथमफळ म्हटले, त्यामागेही पहिल्या पिकाच्या अर्पणाचाच रिवाज आहे. आपली प्रवचने या दुव्यांवर भर देतात, ते योग्यच. परंतु या सणांना केवळ भावी घटनेची छाया मानून मोकळे होणे, हा जे यहुदी बांधव (आणि त्यांत आपल्या कोकणातले बेने इस्राएलही आले) ते आजही श्रद्धेने पाळतात, त्यांच्यावर अन्याय होय.

शिवाय सणाच्या विधीला लागूनच, 22व्या वचनात, शेताच्या कडा साफ कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी व परदेशीयांसाठी राहू द्या, असे बजावले आहे, याचा विसर सहज पडतो. म्हणून ज्या मंडळ्यांत हंगामाच्या उपासनेनंतर अर्पणाच्या धान्याचा लिलाव होऊन रक्कम खजिन्यात जमा होते, त्यांनी निदान एक वाटा गावातील भूमिहीनांसाठी आधीच वेगळा काढावा, एवढी विनंती.