मोटारीचा दरवाजा आणि पिस्तुलाची गोळी

चित्रपटातला फौजदार गाडीचा दरवाजा उघडून त्यामागे वाकतो आणि समोरच्या गोळ्या पत्र्यावर आपटून खाली पडतात. या दृश्याने रुजवलेला समज असा की, दरवाजा निदान पिस्तुलाची गोळी तरी अडवतो. तसे होत नाही. दरवाजाचा बाहेरचा पत्रा जेमतेम 0.7 ते 0.8 मिलिमीटर जाड असतो. त्यामागे काच सरकण्यासाठी सोडलेली पोकळी, मग भोके पाडलेला आतला पत्रा आणि शेवटी प्लॅस्टिकचे अस्तर. 9 मिलिमीटर पिस्तुलाची सुमारे 8 ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण 350 मीटर वेगाने येते. हे सारे थर भेदल्यावरही माणसाचा जीव घेण्याइतका जोर तिच्यात राहू शकतो. आतली पोलादी दांडी किंवा कुलूप नेमके वाटेत आले तर गोळी अडते वा वळते, पण तो नशिबाचा भाग. दरवाजा माणसाला फक्त झाकतो. अशा आडोशाला ढाल समजणे जिवावर बेतते.

काचेचा भरवसा तर त्याहून कमी. बाजूची टफन्ड काच पहिल्याच गोळीने खडीसाखरेसारखे तुकडे होऊन गळते. पुढची काच मात्र जागेवर राहते, कारण तिच्या दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. म्हणूनच ती गोळी रोखते असे वाटते. प्रत्यक्षात गोळी आरपार जाते. काच तिरपी असल्याने बाहेरून आलेली गोळी बहुधा खाली वळते आणि काचेचा चुरा आत बसलेल्यांच्या तोंडावर उडतो.

गोळी लागताच पेट्रोलची टाकी उडते, हाही पडद्यावरचाच समज. शिशाच्या, तांब्याचे आवरण असलेल्या साध्या गोळीतून सहसा ठिणगी उडत नाही. शिवाय द्रव पेट्रोल स्वतः पेटत नाही. हवेत त्याच्या वाफेचे प्रमाण साधारण 1.4 ते 7.6 टक्के असेल तरच ती पेटते. टाकीला भोक पडून गळती होते, तिचा धोका मात्र खरा.

गाडीत भरवशाची जागा एकच: इंजिन. त्याचा ओतीव धातूचा ठोकळा पिस्तुलाची गोळी थोपवतो. चाकाची रिम आणि ब्रेकची चकती यांचाही आधार मिळतो. चाकामागे असलेल्याचे पाय गाडीखालून येणाऱ्या गोळीपासून बरेचसे वाचतात. तरीही बॉनेटला चिकटून राहू नये. तिरपी लागलेली गोळी पत्र्याला समांतर घसरत जाते. थोडे मागे आणि खाली राहणे अधिक सुरक्षित.

बुलेटप्रूफ गाडीची गोष्ट वेगळी. तिच्या दारांत चिलखती पोलाद किंवा ॲरामिड धाग्यांचे थर असतात आणि काच कित्येक पदरी, जाडजूड असते. पण तेही दार लावलेले असेल तरच उपयोगी. 30 मार्च 1981 रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर हल्ला झाला, तेव्हा .22 रिव्हॉल्व्हरची एक गोळी त्यांच्या चिलखती गाडीवर आपटून उसळली आणि उघड्या दरवाजाच्या फटीतून त्यांच्या डाव्या काखेखाली शिरली.