पाण्यातलं यान जहाजात कसं येतं?

२१ ऑक्टोबर २०२३. भारताच्या ‘गगनयान’ या मानवी अंतराळ मोहिमेच्या टीव्ही-डी१ चाचणीतलं रिकामं क्रू मॉड्यूल, म्हणजे अंतराळवीरांसाठीचं यान, श्रीहरिकोटाजवळ बंगालच्या उपसागरात उतरलं आणि पाण्यात उलटं झालं. नौदलाच्या पाणबुड्या जवानांनी ते गाठलं. ‘आयएनएस शक्ती’ या नौदलाच्या जहाजाने उचलून चेन्नई बंदरात आणलं.

आत माणसं असतील तेव्हा काम अधिक नाजूक. म्हणून ६ डिसेंबर २०२४ला विशाखापट्टणमच्या समुद्रात ‘वेल डेक’ची तालीम झाली. ‘वेल डेक’ म्हणजे जहाजाच्या मागच्या भागातला हौद; तो पाण्याने भरतात. यानाच्या प्रतिकृतीला तरंगता बोया बांधला, ओढत हौदात आणलं, नेमक्या बैठकीवर बसवलं, मग पाणी उपसलं. अंतराळातून थकून आलेल्यांना लाटांवर दार उघडावं लागू नये, यासाठी ही सोय फार मोलाची आहे.