वाळवीने राखलेली अळंबी

आषाढ लागला की सिंधुदुर्गात आणि गोव्यात रस्त्याच्या कडेला पानांत बांधलेले अळंब्यांचे वाटे दिसू लागतात. भाव ऐकून शहरी पाहुणा दचकतो आणि तेवढ्या पैशांत किती मटण आलं असतं, याचा हिशेब करतो. धिंगरी भुशावर वाढते, बटण अळंबी कंपोस्टवर. वारुळावरची ही अळंबी मात्र बाजाराला परवडेल अशा रीतीने पिकवणं माणसाला अजून जमलेलं नाही. वाळवीला ते सुमारे ३ कोटी वर्षांपासून जमतं आहे.

शास्त्रात या प्रजातीला टर्मिटोमायसिस म्हणतात. तिची एक जाती श्रीलंकेतल्या नमुन्यांवरून बर्कले या इंग्रज अभ्यासकाने १८४७ मध्येच नोंदवली होती, पण तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे तिला अगॅरिकस या भल्यामोठ्या गटात ढकलून दिलं होतं. वारुळाशी बांधलेल्या अळंब्यांची स्वतंत्र प्रजाती मांडली ती फ्रेंच कवकतज्ज्ञ रॉजर हाइम यांनी, १९४२ मध्ये. कुळाचा वाद त्यानंतरही बरीच वर्षं चालला. बीजाणू गुलाबी आहेत, छत्रीखालच्या पट्ट्या देठाला चिकटलेल्या नाहीत, अशा खुणांवरून जो तो तिला वेगळ्या कुळात बसवत होता. डीएनए तपासल्यावर ती लायोफिलेसी कुळात स्थिरावली. आज तिच्या तीसहून अधिक जाती ओळखल्या जातात. झांबियातल्या एका जातीची छत्री मीटरभर रुंद होऊ शकते, तर आपल्याकडेही आढळणारी मायक्रोकार्पस जेमतेम बोटाच्या पेराएवढी. दक्षिण भारतातल्या एका जातीला १९७९ मध्ये कवक-अभ्यासक नटराजन यांनी हाइम यांचंच नाव दिलं. ती हाइमी गोव्यातही उगवते.

पत्त्याच्या बाबतीत ही प्रजाती फार काटेकोर आहे. वाळवी जगभर आहे, पण बुरशीची शेती करणारी वाळवी फक्त आफ्रिकेत आणि आशियात. त्यामुळे टर्मिटोमायसिसही तिथेच. आपल्याकडे हे काम प्रामुख्याने ओडोंटोटर्मिस ही वाळवी करते. (वारूळ मुंग्यांचं, असं आपण सर्रास म्हणतो. ते बांधते वाळवी, आणि तिचं नातं मुंग्यांपेक्षा झुरळांशी जवळचं.)

वारुळाच्या पोटात काय चालतं ते पाहण्याजोगं आहे. कामकरी वाळवी वाळका पाला आणि लाकूड खाऊन आत येते आणि अर्धवट पचलेली विष्ठा थरावर थर रचत जाते. तिची बनते अक्रोडाच्या गरासारखी सुरकुतलेली, तपकिरी बाग. विष्ठेतच बुरशीचे बीजाणू असतात. ते पोटातून जिवंत बाहेर पडतात आणि बाग काही दिवसांत पांढऱ्या धाग्यांनी भरते. तिच्यावर मोहरीएवढ्या पांढऱ्या गाठी येतात. तरुण कामकरी या गाठी खातात, त्यातून नायट्रोजन मिळतो आणि नव्या थरासाठी बीजाणूही. लाकडातलं लिग्निन वाळवीला एकटीने नीट पचवता येत नाही. बुरशी ते फोडते आणि जुनी झालेली बाग मग वयस्क कामकरी फस्त करतात. एका वारुळात सहसा बुरशीचा एकच वाण नांदतो. वाळवी मेली किंवा घर सोडून गेली की झायलेरिया नावाची वेगळीच बुरशी बागेचा ताबा घेते.

आपण खातो ती छत्री या बागेतूनच निघते. बाग जमिनीत खोल असते, म्हणून देठाची मुळासारखी शेपटी लांबत लांबत माती भेदून वर येते. छत्रीच्या मधोमध कठीण, टोकदार उंचवटा असतो. वाट काढण्याचं काम त्याचं. अळंबी ओढून काढली तर ही शेपटी तुटून आतच राहते. मायक्रोकार्पसला शेपटीच नाही, कारण तिच्यासाठी वाळवी बागेचे तुकडेच उचलून वर आणून टाकते.

खरी मेख पुढे आहे. पहिल्या पावसात पंखवाली वाळवी उडते, जोड्या जमतात, नवी घरं सुरू होतात. बहुतेक जातींमध्ये ही जोडी बुरशी सोबत नेत नाही. काही आठवड्यांनी घरातले पहिले कामकरी बाहेर पडतात, तेव्हा उमललेल्या छत्र्यांमधून पडलेले बीजाणू त्यांना मिळावे लागतात. ते मिळाले नाहीत तर नव्या घरात बाग लागत नाही आणि बागेविना ते घर टिकत नाही. आणि बाजाराला हव्यात नेमक्या न उमललेल्या कळ्या, कारण उमललेली छत्री दिवसभरात मऊ पडते. गोवा विद्यापीठात काम केलेले नंदकुमार कामत यांच्यासारखे अभ्यासक या बेसुमार खुडणीबद्दल अनेक वर्षं सांगत आले आहेत. ज्या मुलखात सातेरी देवीची पूजा वारुळाच्या रूपात होते, तिथेच पहारी घालून वारुळं फोडली जावीत, हे पटणारं नाही.

अळंबी खाऊ नका, असं कुणी म्हणणार नाही. पण माहितगार माणसाकडूनच घ्या, कारण हिरवट बीजाणूंची विषारी क्लोरोफिलम दिसायला पुष्कळ सारखी असते आणि उलट्या-जुलाबांनी हैराण करते. स्वतः रानात गेलात तर वारुळाला हत्यार लावू नका, आणि प्रत्येक जागी चार-सहा छत्र्या पूर्ण उमलू द्या.