श्रद्धा आणि सेवा : पंडिता रमाबाईंचें उदाहरण

शेजारी कोणास म्हणावें, असें एका शास्त्र्यानें येशू ख्रिस्तास विचारलें, तेव्हां त्यानें व्याख्या न करितां एक गोष्ट सांगितली. वाटमाऱ्यांनीं अर्धमेला करून टाकलेल्या प्रवाशास पाहून याजक बाजूनें निघून गेला. यहूदी लोक ज्यांना तुच्छ लेखीत, त्या शोमरोनी जातीच्या एका वाटसरूनें मात्र त्याच्या जखमा बांधल्या, त्यास उतारशाळेंत नेलें आणि पुढील शुश्रूषेचा खर्चही पत्करला. भक्तीची कसोटी देवळांत नव्हे, वाटेवर लागते, हें या गोष्टीचें मर्म होय.

महाराष्ट्रांत हें मर्म ज्यांनीं आचरणांत आणलें, त्यांत पंडिता रमाबाईंचें नांव अग्रभागीं येतें. १८५८ सालीं जन्मलेल्या या विदुषीनें तरुणपणींच दुष्काळांत आईबाप व वडील बहीण गमावली. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तेथें ख्रिस्ती भगिनींनीं पतित स्त्रियांसाठीं चालविलेलें एक घर त्यांनीं पाहिलें. समाज ज्यांना टाकतो, त्यांनाच जवळ करणारी ही माया कोठून येते, असा प्रश्न त्यांना पडला. श्रद्धेची वाट त्यांना दिसली ती सेवेंतून.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत त्यांचें ‘शारदा सदन’ निघालें व पुढील वर्षीं पुण्यास आलें. कांहीं विधवा मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे दिसूं लागतांच मोठा वाद माजला. १८९३ सालीं न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळांतून बाहेर पडले. अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. सक्ति कोणावरही नाहीं, परंतु आपल्या प्रार्थनेच्या वेळीं दारही लावून घेणार नाहीं, अशी रमाबाईंची भूमिका होती. तथापि निराश्रित मनुष्य आश्रयदात्याचा धर्म कितपत मोकळ्या मनानें पारखूं शकेल, ही टीकाकारांची शंका क्षुल्लक नव्हती. सेवा करणाऱ्या प्रत्येक श्रद्धावंतानें ती स्वतःस विचारावी, अशीच आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या आणि उपासमारीनें खंगलेल्या सुमारें ३०० मुली व स्त्रिया त्यांनीं आणिल्या. पुण्यांत त्या वेळीं प्लेग होता. म्हणून केडगांवच्या शेतावर त्यांची सोय झाली. तेंच पुढें ‘मुक्ति सदन’ झालें. १९०० सालच्या गुजरातेंतील दुष्काळानंतर रहिवाशांची संख्या हजारावर गेली. येथें नुसती भाकरी मिळत नसे. शेती, विणकाम, शुश्रूषा, छपाई अशीं कामें शिकवीत; आंधळ्या मुलींना बोटांनीं वाचावयास शिकवीत. रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेलें बायबलचें मराठी भाषांतर तेथील स्त्रियांच्याच हातांनीं छापलें गेलें.

५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई निवर्तल्या. केडगांवचें कार्य आजही चालू आहे. जखम बांधणें ही सेवेची पहिली पायरी. काल आधार घेणारा हात उद्यां दुसऱ्यास आधार देऊं लागला, म्हणजे ती सेवा पूर्ण झाली.