मोरी गेली, सिंक आले : निवड कशी करावी?

गिरगावातील ज्या चाळीत माझे बालपण गेले, तेथे स्वयंपाकाच्या खोलीच्या कोपऱ्यात एक मोरी होती. शहाबादी फरशी, वीतभर उंचीचा कठडा, पितळी नळ आणि शेजारी भरून ठेवलेले पाण्याचे पिंप, एवढाच तिचा संसार. सकाळी तेथे अंघोळी होत, त्यानंतर कपडे धुतले जात आणि दोन्ही वेळा भांडी घासली जात. आई पाटावर बसून राख व नारळाची शेंडी घेऊन काम करी. हंडा असो वा चमचा, मोरीत प्रत्येक भांड्याला जागा होती. त्यामुळे भांडी घासण्याची जागा कशी निवडावी, हा प्रश्न आमच्या घरात कधी कोणाला पडलाच नाही.

आज तो प्रश्न असंख्य घरांपुढे उभा आहे. गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील जुन्या उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास होताना पात्र रहिवाशाला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचे घर मिळते. बी.डी.डी. चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मिळू लागले आहे. वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आल्या. या घरांत ओटा उभा असतो आणि मोरीचे भांडी घासण्याचे काम ओट्यातील सिंककडे येते. फरशी, दिवे, पडदे यांवर कुटुंबात महिनोन् महिने चर्चा होते. सिंक मात्र दहा मिनिटांत ठरते. मीही तसेच केले. त्या चुकीची किंमत माझ्या पत्नीने सात वर्षे मोजली, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या चाळीच्या जागी नवी इमारत उभी राहिली, तेव्हा बँकेतील सवयीप्रमाणे मी तीन दुकानांची दरपत्रके मागवली. किंमत, हमी, चकाकी, सोबत मिळणाऱ्या वस्तू असे रकाने पाडून तक्ता केला आणि दोन कप्प्यांचे एक देखणे सिंक निवडले. ओट्याची उंची कंत्राटदाराने आपल्या नेहमीच्या पद्धतीने ३४ इंच ठेवली. माझ्या पत्नीची उंची चार फूट दहा इंच आहे. दोन्ही कप्पे लहान. दुधाचे पातेले किंवा पाच लिटरचा कुकर तळाशी आडवा बसेना. मोठे भांडे काठावर तिरपे धरून, हात उचलून घासावे लागे आणि पाणी अंगावर येई. मी विचारले की ती म्हणे, "होईल सवय."

पुढे तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. काही दिवस वाकायचे नाही, डोळ्यांत साबणाचे पाणी जाऊ द्यायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. निवृत्त झालेला मी ओट्यापुढे उभा राहिलो. दुसऱ्याच दिवशी मान आणि खांदे भरून आले. रात्री तिला विचारले, "इतकी वर्षे बोलली का नाहीस?" ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही तक्ता दाखवलात. मत कुठे विचारलंत?"

त्या तक्त्यात जे रकाने असायला हवे होते, ते येथे नमूद करतो.

पहिला रकाना माणसाचा. घरात भांडी जी व्यक्ती घासते, तिला ओटा बांधण्यापूर्वी त्या जागी अनवाणी उभे करावे. घरकामासाठी ताई येत असतील, तर त्यांनाही विचारावे. सिंकचा काठ कोपरापेक्षा तीन-चार इंच खाली असावा आणि कमरेत न वाकता तळहात तळाला टेकावा. त्यासाठी ओट्याच्या उंचीइतकीच सिंकची खोलीही महत्त्वाची आहे. साधारण आठ-नऊ इंच खोली बहुतेक घरांना पुरते. त्याहून उथळ सिंकमधून पाणी बाहेर उडते, तर फार खोल सिंक कंबर वाकवते.

दुसरा रकाना भांड्यांचा. सर्वांत मोठे पातेले, कढई, कुकर आणि परात यांची मापे टेपने घेऊनच दुकानात जावे. लहान ओट्यावर दोन अरुंद कप्प्यांपेक्षा २४ × १८ इंचांचा एकच कप्पा अधिक उपयोगी पडतो. मात्र सांगितलेले माप बाहेरच्या काठाचे आहे की आतल्या कप्प्याचे, हे विचारून घ्यावे. त्यात दोन-तीन इंचांचा फरक सहज पडतो आणि नेमका तेवढ्यानेच कुकर अडतो.

तिसरा रकाना धातूचा. स्टेनलेस स्टीलमध्ये ३०४ ही प्रत उत्तम मानली जाते. तिच्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ प्रतीत निकेल कमी व मँगनीज अधिक असते. ती स्वस्त पडते, पण मीठ आणि आंबट पदार्थांपुढे लवकर हार मानते. अनेक विक्रेते लोहचुंबक लावून दाखवतात. चुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील ३०४ प्रतीचेच आहे, असे सिद्ध होत नाही; २०२ प्रतीलाही तो सहसा चिकटत नाही. म्हणून प्रत बिलावर लिहून घ्यावी. तोंडी आश्वासनाची नोंद कोणत्याही खातेवहीत होत नाही, हे मी नोकरीभर पाहिले आहे. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि येथे आकड्यांचा हिशेब उलटा असतो : १८ गेजचा पत्रा २० गेजपेक्षा जाड. तळाला रबरी पट्ट्या असल्यास भांड्यांचा आवाज कमी होतो.

हल्ली क्वार्ट्‌झच्या रंगीत सिंकलाही मागणी आहे. दगडाची पूड आणि राळ यांपासून ती बनतात, आवाज कमी करतात आणि दिसायला सुंदर असतात. परंतु जड पितळी भांडे निसटल्यास टवका उडू शकतो. महानगरपालिकेचे तलावांचे पाणी मृदू असते. जेथे टँकर किंवा कूपनलिकेचे जड पाणी वापरावे लागते, तेथे काळ्या सिंकवर पांढरे डाग उठून दिसतात.

चौथा रकाना नळाचा आणि निचऱ्याचा. आपल्या घरांत पाणी गाळून घेण्याची रीत आहे. गाळणे बांधलेली कळशी नळाखाली सरळ उभी राहील, इतका नळ उंच आणि फिरता असावा. सिंकखालच्या वळणदार नळीत थोडे पाणी कायम साचून राहते आणि तो पाण्याचा बांध दुर्गंधी व झुरळे यांना वर येण्यापासून अडवतो. काही ठिकाणी जागा वाचवण्यासाठी हे वळणच गाळून टाकतात. तसे होऊ देऊ नये. झुरळे झाल्यावर औषध फवारण्यापेक्षा ती येऊच नयेत अशी व्यवस्था करणे, हे आपल्या अहिंसेच्या विचाराला अधिक धरून आहे. त्याच कारणाने उकळते पाणी निचऱ्यात ओतू नये, निववून मग ओतावे; प्लास्टिकची नळीही उकळत्या पाण्याने नरम पडते आणि सांधे गळू लागतात.

निगा राखणे सोपे आहे. लोखंडी तारेची घासणी वापरू नये. तिचे कण चिकटून राहतात आणि गंजतात. ब्लीचिंगचे पाणी सिंकमध्ये साचू देऊ नये. काम संपल्यावर सिंक कोरड्या फडक्याने पुसावे.

पत्नीची दृष्टी पूर्ववत झाल्यावर आम्ही दोघे मिळून दुकानात गेलो. टेप आणि मापांचा कागद तिच्या हातात होता. तिने २४ × १८ इंचांचे एका कप्प्याचे साधे सिंक पसंत केले. ते माझ्या पूर्वीच्या निवडीपेक्षा स्वस्तही होते. ओटा खाली आणणे शक्य नव्हते. म्हणून सुताराकडून तीन इंच उंचीचा, रुंद आणि न सरकणारा लाकडी पाट करवून घेतला व तो ओट्यापुढे ठेवला. आई ज्या पाटावर बसून भांडी घासत असे, त्याची आठवण झाली. ती पाटावर बसे. पत्नी पाटावर उभी राहते.

सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले की एक दिवस ती आणि एक दिवस मी, असा क्रम आता लागला आहे. माझी पाळी असली की मी पाट बाजूला सरकवून ठेवतो.